कमी लोटणरोधाचे टायर

कमी लोटणरोधाचे टायर म्हणजे रस्त्यावर फिरताना स्वतःच्या विरूपणात कमीत कमी ऊर्जा खर्च व्हावी अशा रीतीने रचलेले, हवा भरलेले वाहनांचे टायर होत. इंग्रजीत यांना ‘लो रोलिंग रेझिस्टन्स टायर’ म्हणतात. बाजारात ते ‘ग्रीन’, ‘इको’, ‘फ्युएल सेव्हर’ अशा नावांनी विकले जातात. मात्र या नावांना कायदेशीर व्याख्या नाही. अशा टायरांमुळे इंधनाची जी बचत होते ती सामान्यतः काही टक्क्यांची असते. ती लहान असली तरी खरी असते आणि टायरच्या संपूर्ण आयुष्यभर मिळत राहते. टायरची किंमत, नक्षी व टिकाऊपणा यांचा अंदाज ग्राहकास दुकानात घेता येतो, लोटणरोधाचा मात्र येत नाही. म्हणून या टायरांची निवड मुख्यतः प्रयोगशाळेतील मोजमाप व त्यावर आधारलेली लेबले यांवर अवलंबून असते.

लोटणरोधाचे कारण

चाक सपाट रस्त्यावरून एकसारख्या वेगाने फिरत असतानाही त्याच्या गतीस सतत थोडा विरोध होत असतो. यास लोटणरोध म्हणतात. टायर रस्त्यावर घासला जाण्यामुळे हा विरोध निर्माण होतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात घसरण्याचा त्यातील वाटा अल्प असतो. मुख्य कारण टायरच्या आत, रबराच्या स्वभावात आहे.

वाहनाच्या भाराने टायरचा तळाकडील भाग चपटा होतो आणि तळहाताएवढा ठसा रस्त्यास टेकतो. चाक फिरू लागले की टायरचा प्रत्येक भाग या ठशात शिरताना दबतो व वाकतो आणि बाहेर पडताना पूर्ववत होतो. मोटारीचा वेग ताशी ८० किमी असताना हे सेकंदाला सुमारे ११ वेळा घडते. रबर पूर्णपणे स्थितिस्थापक असते, तर दाबताना दिलेली सर्व ऊर्जा सुटताना परत मिळाली असती. परंतु ते श्यान-स्थितिस्थापक आहे, म्हणजे त्यात स्प्रिंग आणि घट्ट काकवी या दोहोंचे गुण आहेत. त्यामुळे दिलेल्या ऊर्जेचा काही अंश परत न येता उष्णतेत रूपांतरित होतो. या ऊर्जाहानीस हिस्टेरेसिस अथवा मंदायन म्हणतात. लांबच्या प्रवासानंतर टायरला हात लावल्यास जो कोमटपणा जाणवतो, तो बहुतांशी या मार्गाने खर्च झालेल्या इंधनाचाच असतो. मोटारीच्या टायरमधील लोटणरोधाचा सर्वांत मोठा वाटा रस्त्यास टेकणाऱ्या जाड रबरी थराचा, म्हणजे ट्रेडचा असतो. उरलेला बाजूच्या भिंती, पोलादी तारांचे पट्टे व कड यांचा.

लोटणरोध हा चाकावरील भाराच्या जवळजवळ समप्रमाणात असतो. म्हणून तो एका गुणांकाने व्यक्त करतात : रोधाचे बल भागिले भार. पोलादी रुळावरील रेल्वेच्या चाकासाठी हा गुणांक साधारणतः ०.००१ ते ०.००२ इतका लहान असतो. डांबरी रस्त्यावरील मोटारीच्या टायरसाठी तो ०.००७ ते ०.०१४, तर मोठ्या मालमोटारींच्या टायरसाठी बहुधा ०.००५ ते ०.००८ असतो. मऊ वाळूत तोच ०.२ च्याही पुढे जातो. समुद्रकिनारी गाडी रुतते त्यामागील एक कारण हेच. व्यवहारात गुणांकाऐवजी ‘दर टन भारामागे किती किलोग्रॅम रोध’ असे सांगण्याची पद्धत आहे. ०.००९ हा गुणांक म्हणजे टनामागे ९ किग्रॅ.

मोजमाप

लोटणरोध मोजण्याची सर्वाधिक प्रचलित पद्धत आयएसओ २८५८० या आंतरराष्ट्रीय मानकात दिलेली आहे. तीत टायर मोठ्या पोलादी ढोलावर ठराविक भाराने दाबून फिरवतात. मोटारीच्या टायरसाठी वेग ताशी ८० किमी आणि भार त्याच्या कमाल भारक्षमतेच्या ८० टक्के ठेवतात. टायर चांगला तापून स्थिर तापमानास आल्यावरच नोंद घेतली जाते आणि ती २५° से. या संदर्भ तापमानाशी जुळवून घेतली जाते.

ही अट महत्त्वाची आहे. थंड रबरात मंदायन अधिक असते. त्यामुळे गाडी सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही किलोमीटरांत लोटणरोध लेबलवरील आकड्यापेक्षा जास्त असतो, आणि टायर स्थिर तापमानास येण्यास सुमारे अर्धा तास लागतो. घरापासून दोन किलोमीटरवरील भाजीबाजारापर्यंतच जाणाऱ्या गाडीचा टायर प्रयोगशाळेतील स्थितीस कधी पोहोचतच नाही. शिवाय ढोल गुळगुळीत असतो, रस्ता नसतो. सारांश, हा आकडा टायरांची परस्परांशी तुलना करण्यास विश्वसनीय आहे; आपली गाडी लिटरमागे नेमकी किती धावेल हे त्यावरून काढता येत नाही.

इंधनखर्चाशी संबंध

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या अंदाजानुसार मोटारीत भरलेल्या इंधनाच्या ऊर्जेपैकी साधारणतः ४ ते ७ टक्के ऊर्जा लोटणरोधावर मात करण्यात खर्च होते. हा आकडा पाहून विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु इंजिन इंधनातील ऊर्जेच्या जेमतेम तिसऱ्या-चौथ्या हिश्शाचे उपयुक्त कार्य करते. उरलेली ऊर्जा धुराड्यातून व रेडिएटरमधून उष्णतेच्या रूपाने निघून जाते. चाकापाशी एक एकक ऊर्जा वाचवली, तर टाकीत तीन ते चार एकके वाचतात. अमेरिकेतील ट्रान्सपोर्टेशन रिसर्च बोर्डाने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाचा निष्कर्ष याच्याशी जुळतो : लोटणरोध १० टक्क्यांनी घटल्यास मोटारीची इंधनकार्यक्षमता १ ते २ टक्क्यांनी वाढते. त्या देशातील सर्व प्रवासी वाहनांचा विचार करता ही बचत वर्षाला १ ते २ अब्ज गॅलन होईल, असेही त्या अहवालात म्हटले होते.

एका घरगुती मोटारीचा हिशेब उदाहरणादाखल मांडता येईल. माणसांसह वजन १,२०० किग्रॅ आहे असे समजू. टनामागे ९ किग्रॅ रोध असलेले टायर काढून ७.५ किग्रॅ रोधाचे बसवले, तर रोध १.८ किग्रॅ भाराइतका, म्हणजे सुमारे १८ न्यूटनने कमी होतो. १०० किमी अंतरात त्यामुळे जवळजवळ १८ लक्ष जूल ऊर्जा वाचते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२० लक्ष जूल ऊर्जा असते. त्यातील ३० टक्के चाकापर्यंत पोहोचते असे धरल्यास १०० किमीला सुमारे ०.१८ लिटर पेट्रोल वाचेल. लिटरला १८ किमी धावणाऱ्या गाडीसाठी ही बचत ३ टक्क्यांहून थोडी अधिक आहे. टायर ४०,००० किमी टिकले तर एकूण ७० लिटरांच्या आसपास पेट्रोल वाचेल. लिटरचा दर १०० रुपये धरला तर ही रक्कम सुमारे ७,००० रुपये होते. चार टायरांच्या दोन संचांच्या किमतीत यापेक्षा कमी फरक असेल, तर महागडा संच अखेरीस स्वस्त पडतो. फरक यापेक्षा अधिक असल्यास केवळ बचतीसाठी तो घेण्यात अर्थ नाही. जाहिरातींतील मोठे दावे वाचताना हे प्रमाण ध्यानात ठेवणे इष्ट.

बचत कोठे अधिक दिसेल हे प्रवासाच्या प्रकारावर ठरते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, लोटणरोध मात्र वेगाबरोबर फारसा बदलत नाही. त्यामुळे द्रुतगती मार्गावर हवेचा रोध वरचढ ठरतो. शहरातील कोंडीत वारंवार ब्रेक दाबणे आणि उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवणे यांतच बरेचसे इंधन जाते. मध्यम व एकसारख्या वेगाने, कमी थांबे घेत होणाऱ्या प्रवासात टायरचा वाटा सर्वाधिक ठळक असतो.

इतिहास

हवा भरलेल्या टायरचे पहिले पेटंट स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्ये घेतले. घोडागाडी कमी ओढीत चालावी व तिचा खडखडाट कमी व्हावा, हाच त्यांचा उद्देश होता. म्हणजे टायरचा जन्मच लोटणरोध कमी करण्याच्या खटपटीतून झाला. ती कल्पना मागे पडली. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी सायकलसाठी तिचा स्वतंत्रपणे पुन्हा शोध लावला आणि मग ती जगभर पसरली. महाराष्ट्राच्या साखरपट्ट्यात याच तत्त्वाची प्रचिती देणारे वाहन म्हणजे उसाची टायरगाडी. लाकडी चाकाची धाव मऊ रस्त्यात रुतते. रबरी टायर ओझे रुंद पृष्ठावर पसरतो व खड्ड्यावरून जाताना दबतो. त्यामुळे बैलांवरील ओढ कमी होते. अर्थात, त्या सोयीचा लाभ बैलांना विश्रांतीच्या रूपाने मिळण्याऐवजी गाडीवर अधिक ऊस लादण्यातच बहुधा खर्ची पडला.

पुढचा मोठा टप्पा रेडियल टायरचा. मिशलिन या फ्रेंच कंपनीने १९४६ मध्ये त्याचे पेटंट घेतले आणि १९४९ पासून तो विक्रीस आणला. जुन्या तिरप्या धाग्यांच्या टायरात वाकताना थर एकमेकांवर सरकत आणि उष्णता निर्माण होत असे. रेडियल टायरात धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे असतात आणि ट्रेडखाली पोलादी पट्टा असतो. त्यामुळे बाजूची भिंत सहज लवते, ट्रेड मात्र स्थिर राहतो, आणि रोध लक्षणीयरीत्या घटतो. १९७३ च्या तेलसंकटानंतर या गुणास आर्थिक महत्त्व आले.

तरीही एक पेच उरला होता. रबरास बळकटी देण्यासाठी त्यात कार्बन ब्लॅक, म्हणजे विशिष्ट प्रकारची काजळी मिसळतात. टायरचा काळा रंग तिच्यामुळेच असतो. काजळीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून साखळ्या बनवतात, आणि टायर दबताना त्या तुटत-जुळत राहिल्याने ऊर्जा खर्च होते. काजळी कमी केली तर रोध कमी होतो, पण टायर लवकर झिजतो आणि ओल्या रस्त्यावर घसरतो. मिशलिनने १९९० च्या दशकाच्या आरंभी काजळीचा मोठा भाग काढून त्या जागी अतिसूक्ष्म सिलिका वापरली आणि १९९२ मध्ये ‘ग्रीन’ टायर बाजारात आणला. सिलिका म्हणजे रासायनिक दृष्ट्या वाळूचाच पदार्थ. ती रबरात सहज मिसळत नाही; तिचे कण रबराच्या रेणूंशी जोडण्यासाठी सिलेन वर्गातील गंधकयुक्त संयुग वापरावे लागते, आणि ही विक्रिया मिश्रण चालू असतानाच ठराविक तापमानात घडवून आणावी लागते. त्यामुळे निर्मिती खर्चिक झाली, परंतु पकड फारशी न गमावता रोध घटवणे शक्य झाले. आज बहुतेक सर्व मोठ्या कंपन्या या पद्धतीचा उपयोग करतात.

ओल्या रस्त्यावरील पकड

रोध, ओली पकड आणि झीज या तीन गुणांना टायर-उद्योगात ‘जादूचा त्रिकोण’ म्हणतात : एक कोपरा ओढला की दुसरा आत सरकतो. यामागील कारण समजण्यासारखे आहे. ब्रेक लावल्यावर टायर रस्त्यास धरून ठेवतो तो मुख्यतः रबराच्या मंदायनामुळेच. रस्त्यावरील बारीक खडीच्या कंगोऱ्यांवरून रबर सरकते, त्यांच्या आकाराप्रमाणे दबते, ऊर्जा शोषते आणि गाडी थांबते. म्हणजे जी ऊर्जाहानी फिरताना नको असते, तीच थांबताना हवी असते.

या विरोधाभासातून मार्ग निघतो तो वारंवारतेमुळे. चाक फिरताना रबर सेकंदाला काही वेळाच दबते. सूक्ष्म कंगोऱ्यांवरून सरकताना मात्र हे दबणे सेकंदाला हजारो ते लाखो वेळा होते. रबराच्या बाबतीत उच्च वारंवारता ही कमी तापमानासारखी वागते. म्हणून रसायनतज्ज्ञ मिश्रणाची चाचणी दोन तापमानांना घेतात : ६०° से. च्या आसपास ऊर्जाहानी कमी असावी, म्हणजे लोटणरोध कमी मिळेल; ०° से. च्या आसपास ती जास्त असावी, म्हणजे ओली पकड चांगली मिळेल. सिलिकेचे श्रेय हेच, की तिने या दोन गुणांची एकमेकांत अडकलेली गाठ बरीचशी सैल केली.

गाठ पूर्णपणे सुटलेली नाही. स्वस्त टायरात रोध कमी करण्याचा सोपा मार्ग म्हणजे पकडीचा बळी देणे किंवा ट्रेड मुळातच पातळ ठेवणे. युरोपीय लेबलसोबत दिल्या जाणाऱ्या माहितीनुसार ताशी ८० किमी वेगाने जाणाऱ्या मोटारीस ओल्या रस्त्यावर थांबण्यासाठी लागणाऱ्या अंतरात सर्वोत्तम आणि सर्वांत खालच्या वर्गाच्या टायरांत १८ मीटरपर्यंत फरक पडू शकतो. हे अंतर एका मागे एक उभ्या केलेल्या चार मोटारींएवढे आहे. वर्षातील चार महिने पावसाचे असलेल्या कोकणात व घाटरस्त्यांवर दोन-तीन टक्के पेट्रोलासाठी हे अंतर गमावणे शहाणपणाचे नाही. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे : दोन्ही गुणांत वरच्या वर्गात असलेले टायर उपलब्ध आहेत, तेव्हा कमी रोध म्हणजे खराब पकड असे समीकरणही आता चुकीचे ठरते.

लेबले व नियम

जपानमध्ये टायर-उत्पादकांच्या संघटनेने जानेवारी २०१० पासून ऐच्छिक लेबल सुरू केले. टनामागे ९ किग्रॅ किंवा त्याहून कमी रोध आणि त्याच वेळी ओल्या पकडीचा किमान दर्जा, या दोन्ही अटी पूर्ण करणाऱ्या टायरासच तेथे ‘कमी इंधनखर्चाचा टायर’ म्हणता येते. पकडीची अट व्याख्येतच घातल्यामुळे ही योजना विशेष विचारपूर्वक आखलेली वाटते.

युरोपीय संघात १ नोव्हेंबर २०१२ पासून लेबल सक्तीचे झाले. १ मे २०२१ पासून त्याचे सुधारित रूप लागू आहे. त्यावर इंधनकार्यक्षमता व ओली पकड यांचे ए ते ई असे पाच वर्ग, बाहेरील आवाज डेसिबेलमध्ये, आणि आवश्यक तेथे बर्फावरील क्षमतेची खूण असते. मोटारीच्या टायरसाठी टनामागे ६.५ किग्रॅपर्यंत रोध असल्यास ए वर्ग, ७.७ पर्यंत बी, ९.० पर्यंत सी, १०.५ पर्यंत डी आणि त्यापुढे ई असे विभाग आहेत. वर केलेल्या हिशेबातील बदल हा सी वर्गातून बी वर्गात जाण्याचा होता.

भारतात केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने जून २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून मोटारी, हलकी व्यापारी वाहने आणि ट्रक-बस यांच्या टायरांसाठी लोटणरोध, ओली पकड आणि आवाज यांच्या मर्यादा बंधनकारक केल्या. नव्या रचनेच्या टायरांना त्या १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू झाल्या. या मर्यादा एआयएस-१४२ या मानकात दिल्या असून ते संयुक्त राष्ट्रांच्या ११७ व्या विनियमाशी सुसंगत आहे. अशी वाहन-मानके प्रसिद्ध करण्याचे काम पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था करते. संयुक्त राष्ट्रांच्या विनियमाच्या दुसऱ्या टप्प्यात मोटारीच्या टायरास टनामागे १०.५ किग्रॅ, हलक्या व्यापारी वाहनांच्या टायरास ९ किग्रॅ आणि ट्रक-बसच्या टायरास ६.५ किग्रॅ अशी कमाल मर्यादा आहे.

मर्यादा आणि वर्गवारी यांत भेद आहे. मर्यादेमुळे अगदी निकृष्ट माल बाजारातून बाहेर जातो. परंतु मर्यादेच्या आतील दोन टायरांत अधिक चांगला कोणता, हे ग्राहकास कळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने फ्रीज व वातानुकूलकांप्रमाणे टायरांसाठीही एक ते पाच ताऱ्यांची ऐच्छिक योजना आखली. योजना ऐच्छिक असल्याने तारे नसलेला टायर वाईटच असतो असे नाही; त्याविषयी माहिती उपलब्ध नाही, एवढाच त्याचा अर्थ.

टायर बदलताना

नव्या गाडीस कारखान्यात बसवलेले टायर बहुधा कमी रोधाचे असतात. वाहन-उत्पादकांना आपल्या ताफ्याच्या सरासरी कार्बन उत्सर्जनाची मर्यादा पाळावी लागते. भारतात ती एप्रिल २०१७ पासून लागू झाली आणि २०२२-२३ पासून अधिक कडक झाली. म्हणून ते टायर-उत्पादकाकडून विशिष्ट रोधाचा टायर बनवून घेतात. चार-पाच वर्षांनी ग्राहक दुकानात जातो तेव्हा असा दबाव कोणावरच नसतो. दुकानदार किती किलोमीटर टिकेल हे सांगतो, ग्राहक भाव करतो, आणि लोटणरोधाचा विषय निघतच नाही. एकाच कंपनीचा, एकाच नावाचा व मापाचा टायर कारखान्यासाठी व किरकोळ विक्रीसाठी वेगळ्या मिश्रणाचा असू शकतो. परदेशातील लेबल पाहून येथे त्याच नावाचा टायर घेतानाही हीच सावधगिरी बाळगावी लागते.

नवे टायर बसवल्यावर ‘ॲव्हरेज कमी झाले’ अशी तक्रार सर्रास ऐकू येते. ती अनेकदा खरी असते. पण तिचा दोष नेहमी टायरच्या दर्जावर जात नाही. ट्रेड झिजत जातो तसे दबणारे रबर कमी होते आणि लोटणरोध घटत जातो. म्हणजे टायर इंधनाच्या दृष्टीने सर्वांत चांगला असतो तो नेमका बदलण्याच्या वेळी. याशिवाय मोजण्यातही एक फसवणूक दडलेली असते. १८५/६५ आर १५ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ६२२ मिमी असतो. ट्रेडची खोली ८ मिमीवरून १.६ मिमीपर्यंत, म्हणजे मोटारींसाठी असलेल्या कायदेशीर किमान खोलीपर्यंत, झिजली की व्यास जवळजवळ १३ मिमीने कमी होतो. चाक तेवढ्याच अंतरात अधिक फेरे घेते आणि किलोमीटर-मापक २ टक्के जास्त अंतर दाखवतो. नव्या टायरांनी तो पुन्हा ताळ्यावर येतो, आणि कोणतेही जादा इंधन न जळता हिशेबात २ टक्क्यांची घट दिसते. म्हणून नव्या संचाची तुलना जुन्या झिजलेल्या संचाशी न करता दुसऱ्या नव्या संचाशीच करणे योग्य.

माप निवडताना गाडीच्या पुस्तिकेत दिलेले माप, भारांक आणि वेगचिन्ह यांच्याखाली जाऊ नये. वरील मापापुढे ‘८८ एच’ असे लिहिलेले असल्यास ८८ म्हणजे एका टायरची कमाल भारक्षमता ५६० किग्रॅ आणि एच म्हणजे कमाल वेग ताशी २१० किमी. शोभेसाठी रुंद टायर व मोठी रिम बसवण्याची हौस इंधनास बहुधा मारक ठरते, कारण चाकाचे वजन आणि हवेचा रोध दोन्ही वाढतात. उलट, व्यास मोठा व रुंदी कमी असलेला टायर कमी दबतो. बीएमडब्ल्यू कंपनीने आपल्या आय३ या विद्युत मोटारीस १५५/७० आर १९ असे दुचाकीची आठवण करून देणारे अरुंद व उंच टायर बसवले, ते याच कारणाने.

टायरच्या बाजूवरील चार अंकी कोरीव आकड्यावरून निर्मितीचा काळ कळतो. ‘२४२३’ म्हणजे २०२३ सालचा २४ वा आठवडा. दुकानात दोन-तीन वर्षे पडून राहिलेला कमी रोधाचा टायर स्वस्तात मिळत असला तरी रबर हळूहळू कडक होत जाते आणि त्याचा पहिला फटका ओल्या पकडीस बसतो.

हवेचा दाब

दाब कमी असलेला टायर अधिक दबतो आणि त्याचा रोध वाढतो. अमेरिकी ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार चारही टायरांतील दाब सरासरी १ पीएसआयने कमी असल्यास इंधनकार्यक्षमता सुमारे ०.२ टक्क्यांनी घटते. ६ पीएसआय कमी हवा म्हणजे १.२ टक्के. वर हिशेब केलेल्या ३ टक्के लाभाचा एवढा मोठा भाग, केवळ महिना-दोन महिने पंपावर हवा न तपासल्यामुळे निघून जातो. डोळ्यांना हा फरक दिसत नाही. रेडियल टायरची बाजू पूर्ण दाबातही किंचित फुगीर दिसते.

दाब थंड टायरात, म्हणजे गाडी काही तास उभी राहिल्यानंतर तपासावा. योग्य आकडा चालकाच्या दाराजवळील पट्टीवर दिलेला असतो. टायरच्या बाजूवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा असून तो भरण्यासाठी नसतो. हवेचे तापमान १० अंशांनी उतरले की मोटारीच्या टायरमधील दाब सुमारे दीड पीएसआयने घटतो. त्यामुळे मे महिन्यात बरोबर भरलेली हवा डिसेंबरात कमी पडते. शिफारशीपेक्षा बरीच जास्त हवा भरून रोध आणखी कमी करण्याचा प्रयोग काही चालक करतात. रोध थोडा कमी होतो हे खरे. पण टायर मध्यभागी अधिक झिजतो, रस्त्यास टेकणारा ठसा लहान होतो आणि खड्ड्याचा आघात टायर व रिमवर थेट बसतो. पंपांवर जादा पैसे घेऊन भरल्या जाणाऱ्या नायट्रोजनाविषयी एवढेच सांगता येईल की साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि लोटणरोध दाबावर ठरतो, वायूच्या नावावर नव्हे.

चाकांची दिशा बिघडलेली असल्यास टायर किंचित आडवा ओढला जातो. रोध वाढतो आणि ट्रेडची एकच कड झिजते. नव्या संचासोबत व्हील अलाइनमेंट करून घेण्याचे कारण हे आहे.

अवजड, विद्युत व दुचाकी वाहने

लोटणरोधाचे सर्वाधिक महत्त्व अवजड वाहतुकीत आहे. ४० टनांची मालमोटार टनामागे ६ किग्रॅ रोधाच्या टायरांवर ताशी ६० किमी वेगाने चालताना केवळ या रोधावर सुमारे ३९ किलोवॅट शक्ती खर्च करते. वर्षाला लाखभर किलोमीटर धावणाऱ्या वाहनात एका टक्क्याचीही बचत मोठी रक्कम होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची ‘स्मार्टवे’ योजना लांब पल्ल्याच्या ट्रेलरांसाठी असे टायर तपासून प्रमाणित करते. त्यांमुळे ३ टक्के किंवा अधिक इंधन वाचते, असे ती संस्था सांगते. भारतात ट्रक-बसच्या टायरांत रेडियल रचना मोटारींच्या मानाने बरीच उशिरा रुजली. अतिभार आणि खराब रस्ते यांमुळे वाहतूकदार जाड व मजबूत टायरास पसंती देत राहिले.

येथे पुनःस्तरणाचा, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवा ट्रेड चढवण्याचाही विचार करावा लागतो. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाची स्वतःची पुनःस्तरण केंद्रे आहेत. त्यामुळे टायरचा खर्च वाचतो. मात्र रोधाचा मोठा वाटा ट्रेडचा असल्याने, चढवलेले रबर कोणत्या मिश्रणाचे आहे यावर पुढील हजारो किलोमीटरांचा डिझेलखर्च अवलंबून राहतो. पुनःस्तरित टायरांस ऑस्ट्रेलियापासून युरोपापर्यंत व्यापारी वाहतुकीत मान्यता असून, कमी रोधाचे ट्रेड-रबर त्यांच्यासाठीही मिळते.

विद्युत मोटारीत इंजिनातील उष्णतेची हानी नसते. त्यामुळे उरलेल्या खर्चात लोटणरोध व हवेचा रोध यांचा वाटा मोठा दिसतो, आणि टायर बदलताच एका चार्जमध्ये कापता येणारे अंतर बदललेले लगेच लक्षात येते. बॅटरीच्या वजनामुळे अशा गाड्यांना अधिक भारक्षमतेचे टायर लागतात. मोटारीचा पूर्ण जोर आरंभापासूनच चाकावर येत असल्याने झीजही लवकर होते. त्रिकोणाचा तिसरा कोपरा येथे सर्वाधिक ताणला जातो.

मोटारी, हलकी व्यापारी वाहने आणि ट्रक-बस यांच्यासाठी केलेले उपरोक्त नियम दुचाकींच्या टायरांना लागू नाहीत. दुचाकीत एकूण वजन कमी आणि चालकाच्या शरीरावर येणारा हवेचा रोध मोठा, म्हणून इंधनबचतीस वाव मर्यादित असतो. त्यातच वळणावर दुचाकीचा संपूर्ण तोल दोन लहान ठशांवर पेललेला असतो. त्यामुळे तेथे ओल्या पकडीस पहिला क्रम देऊन हवेचा दाब आठवड्यातून एकदा तपासणे हाच बचतीचा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे.